अठरा दात्यांचं चाक

आमच्या खाडीतला वारा भारी आगाऊ. एका रविवारी त्याने चर्चमधून पाद्र्याचं प्रवचन उचललं आणि पलीकडच्या गावात नेऊन टाकलं. तिकडची माणसं एका दिवसात दोनदा पश्चात्ताप करून दमली, आणि आमची कोरडीच घरी आली. आमच्या गावाच्या स्वभावात खोट आहे ती तेव्हापासूनची, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं, कारण त्या कोरड्या माणसांत पहिल्या बाकावर स्टेनथोर आणि बर्गूर हे दोघे भाऊ बसलेले होते.

त्यांचं भांडण एका मेंढ्यावरून. शरदात डोंगरावरची मेंढरं खाली आणायची, कानाची खूण बघायची आणि ज्याचं त्याच्या कुंपणात ढकलायचं, ही आमची रीत. त्या वर्षी एका मेंढ्याचा कान कुत्र्याने फाडला होता. थोरला स्टेनथोर म्हणाला, खूण माझी. धाकटा बर्गूर म्हणाला, माझी. मेंढा स्टेनथोरच्या कुंपणात गेला, तिथून नाताळच्या ताटात गेला. पण भांडण काही पचलं नाही. दोघांची घरं एकाच आवारात, मधे गवताचं एक शेत, आणि त्या शेतावरून एक शब्द म्हणून इकडचा तिकडे जात नसे.

पंचाईत अशी, की दोघेही गावच्या बचाव पथकात. बर्फात कुणी अडकलं तर आमच्याकडे सरकारची वाट बघत नाहीत, शेजारी जातात. पथकाची एक जीप होती, नववर्षाला फटाके विकून आम्हीच घेतलेली. ती चालवायची स्टेनथोरने आणि दुरुस्त करायची बर्गूरने. आणि या दोघांमध्ये निरोप्या मी, काउरी.

"काउरी, सांग त्याला, क्लच जाळलाय. पाय आहे की ओंडका?" बर्गूर जीपखालून म्हणे.

स्टेनथोर तिथेच, बॉनेटला टेकून उभा. "काउरी, सांग त्याला, क्लच बसवणाऱ्याचे हात बघ म्हणावं आधी."

"ऐकलंस का रे?" मी विचारी.

"काय?" दोघेही एकदम म्हणत.

मग मला निरोप पोचवावा लागे. फुकटचा निरोप कोण नुसताच पोचवतो? मी त्याला थोडी फोडणी देई. तेवढीच करमणूक.

या दोन घरांमधून बिनधास्त ये-जा करणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे बर्गूरची मुलगी स्वाला. स्टेनथोरला मूलबाळ नव्हतं. लहानपणी ती एका घरी जेवायची आणि दुसऱ्या घरी जाऊन सांगायची, की तिकडे बटाटे बरे शिजतात. तिला लहानपणापासून मधुमेह. रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची, आणि टोचताना बघणाऱ्याकडे बघून डोळा मारायची. मोठी झाल्यावर हिवाळाभर ती वरच्या हिमपठारावर राहू लागली. पठाराच्या पलीकडच्या कडेला एक लाकडी झोपडी आहे, तिथे राहून बर्फाची जाडी मोजायची, वाऱ्याची नोंद करायची आणि वायरलेसवरून खाली कळवायची. तिची आई हाल्ला म्हणे, "चुली दोन, काका-बाप दोन, म्हणून पोर तिसरीकडेच राहायला गेली."

आता टायरची गोष्ट.

एका शरदात आम्ही जीपला नवे टायर घातले. आधीचे तेहतीस इंची होते, हे अडतीस इंची. इतके मोठे, की हवा कमी केली की हत्तीच्या पायासारखे बर्फावर पसरायचे आणि जीप बुडायची नाही. गावातल्या म्हाताऱ्या ते बघायला आल्या. एकीने तर आत तिची कोंबडी शिरली म्हणून टायर सोडायला लावला. कोंबडी सापडली नाही, पण पुढे वसंतात त्या टायरमधून पिलांचा आवाज यायचा.

आठवड्याभरात स्टेनथोरला पोलिसाने मुख्य रस्त्यावर थांबवलं. शेजारी मी होतोच.

"घाई आहे का रे, स्टेनथोर?"

"नव्वदने चाललोय. नियमात."

"एकशेतीन."

"काटा बघ! नव्वदवर होता."

"काटा तुझा, रस्ता सरकारचा," पोलीस म्हणाला. "मोठी पायताणं घातलीस गाडीला. मीटर बदललंस का?"

मीटरला रस्ता दिसत नाही, ही त्यातली मेख. त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. चाक किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि त्यावरून वेग आणि अंतर सांगायचं, एवढंच त्याचं काम. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त जमीन कापते, पण मीटर बिचारं जुन्याच चाकाच्या हिशेबाने बोलत राहतं. गाडी पुढे, मीटर मागे. आमच्या चर्चमधल्या ऑर्गनवाल्यासारखं.

दुसरा कुणी असता तर दुरुस्त करून घेता. पण दुरुस्ती म्हणजे बर्गूर, आणि बर्गूरला सांगायचं म्हणजे आपलं चुकलं म्हणायचं. स्टेनथोरने वेगळाच मार्ग काढला. तो मीटरवरचा आकडा वाचून मनात वाढवू लागला. वीस दिसले की तेवीस म्हणायचं. तीस दिसले की साडेचौतीस. चालवताना तो हे मोठ्याने पुटपुटे, जपमाळ ओढल्यासारखं. बर्फात चाक थोडं रिकामंही फिरतं, त्याचीही वजावट तो धरी. डोकं चांगलं होतं त्याचं. जीभ तेवढी नव्हती.

यापुढचं मला नंतर कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण मला कळलं तेव्हा त्याचा कुणालाच उपयोग उरला नव्हता.

पोलिसाने थांबवल्याची गोष्ट बर्गूरच्या कानावर गेली होती. सगळ्या खाडीच्याच गेली होती. मीटरची तार गिअरपेटीतल्या एका लहानशा दातेरी चाकावर फिरते. जुनं एकवीस दात्यांचं होतं. बर्गूरने रेक्याविकहून अठरा दात्यांचं मागवलं. दाते कमी म्हणजे तार जोरात फिरते, आणि मीटर मोठ्या टायरच्या बरोबरीला येतं. टपाल बर्फाने अडलं, म्हणून ते चाक आलं थेट मार्चमध्ये. ज्या दुपारी आलं त्याच दुपारी त्याने ते बसवलं, हात पुसले, आणि कुणाला काही बोलला नाही. आमच्याकडे दुसऱ्याचं काम करून ते सांगत फिरणं हलकं मानतात. आणि भावासाठी काही केलं हे माझ्या तोंडून भावाला कळवायचं, हे तर त्याला मेल्याहून मेलं झालं असतं. त्याला वाटलं, स्टेनथोरला कळेलच. रस्त्याकडेचे पिवळे खांब ठरावीक अंतरावर असतात, दोन खांब ओलांडले की कुणालाही कळतं.

पण दुसऱ्या दिवशी वादळ आलं आणि खांब बर्फाखाली गेले.

वादळ हटेना. तिसऱ्या दिवशी स्वालाचा निरोप आला. झोपडीची चूल बिघडून रात्री विझली होती आणि तिचं इन्सुलिन गोठलं होतं. गोठलेलं इन्सुलिन म्हणजे नुसतं पाणी. चूल तिने दुरुस्त केली, पण औषध काही दुरुस्त होत नाही. हेलिकॉप्टर या वाऱ्यात उडणार नव्हतं. जमिनीवरून जाऊ शकेल अशी एकच गाडी होती.

सकाळी गॅरेजपाशी बर्गूर धावत आला. दवाखान्यातून आणलेल्या कुप्या त्याने लोकरीच्या मोज्यात गुंडाळल्या होत्या. त्या त्याने माझ्या हातात दिल्या. "अंगाशी धर. पुन्हा गोठू देऊ नकोस." मी त्या शर्टाच्या आत, काखेत ठेवल्या. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी उबवल्यात, पण इतकं जपून काही नाही.

मग बर्गूर जीपचं मागचं दार उघडू लागला. स्टेनथोर आधीच स्टिअरिंगपाशी बसला होता. समोर बघतच तो म्हणाला, "काउरी, सांग त्याला, जागा नाही."

त्या जीपमध्ये आठ माणसं बसायची. मागे एकही नव्हतं.

"स्टेनथोर," मी म्हटलं, "मुलगी त्याची आहे."

"म्हणूनच. हा मागे बसून माझ्या चालवण्याला नावं ठेवील, आणि मला आज डोकं ताळ्यावर पाहिजे. सांग त्याला."

त्या वेळी मी फोडणी घातली नाही. घालण्यासारखं त्यात काही नव्हतंच. बर्गूरचा हात अजून दारावरच होता. त्याच्या डोक्यात तेव्हा ते दातेरी चाक नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. दुरुस्त झालेली वस्तू मेकॅनिक विसरतो, नादुरुस्त असली तरच आठवते. त्याने दार लावलं आणि मला म्हणाला, "सांग त्याला, लवकर ने."

ही त्या दोघांची तोपर्यंतची सगळ्यात लांब बातचीत.

पठाराच्या कडेला पोचलो तेव्हा समोर काहीच नव्हतं. आकाश पांढरं, जमीन पांढरी, आणि दोन्ही कुठे शिवलेत ते दिसेना. उपग्रहावरून वाट सांगणारी यंत्रं तेव्हा आली नव्हती. वाट अशी काढायची: कडेपासून सरळ आग्नेयेला साडेचौतीस किलोमीटर, मग उजवीकडे वळून उतार, उताराच्या टोकाला झोपडी. साडेचौतीसच्या अलीकडे उजवीकडे वळलात, तर तिथे बर्फातल्या भेगांचं रान आहे. चर्च गिळून वर ढेकर देतील एवढ्या भेगा.

लोखंडी गाडीत होकायंत्र खुळं होतं. म्हणून मी मधून मधून उतरून जरा पुढे चालत जाई, दिशा घेई आणि हाताने खूण करी. बाकी सगळं मीटरवर. स्टेनथोर पुटपुटत होता, "दहा. म्हणजे साडेअकरा." मग, "वीस. तेवीस."

मागे कुणी असतं तर त्याने ते ऐकलं असतं.

वायरलेस मधेच खरखरला.

"काका? तू येतोयस ना?"

"येतोय गं. उठून बस. झोपू नकोस."

"झोपत नाहीये, पाणी पितेय. एक घोडा पिईल एवढं प्यायले. आणि सगळं ओकतेय." तिचा आवाज जड झाला होता, जिभेवर पीठ असल्यासारखा. "काउरी आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "तुझं औषध काखेत घेऊन बसलोय."

"शी! आता ते टोचून घेणं माझ्याच्याने होणार नाही." ती हसली, मग बराच वेळ खोकली. "बाबा कुठाय? दे ना त्याला."

स्टेनथोरने माझ्याकडे बघितलंच नाही.

"तो खाली आहे," मी म्हटलं. "गाडीत जागा नव्हती."



"तुम्ही म्हातारे ना," ती म्हणाली, "अगदी गाढव आहात."

तिचं शेवटचं वाक्य तेच. पुढे तिला खूप हाका मारल्या.

"तीस," स्टेनथोर म्हणाला. "साडेचौतीस." आणि उजवीकडे वळला.

गाडी आता खरं बोलत होती. तीस म्हणजे तीसच. तिच्या खऱ्याला त्याने स्वतःचं खरं जोडलं आणि आम्ही साडेचार किलोमीटर अलीकडे वळलो. थोड्याच वेळात पुढची चाकं हवेत गेली. जीपचं नाक एका भेगेत खाली झुकलं आणि आम्ही दोघे काचेवर आदळलो. मागची चाकं बर्फावर होती म्हणून हे तुम्हाला सांगायला मी उरलो. भेगेतून खाली बघितलं तर निळा उजेड, आणि त्याच्या तळाशी मला एक लग्नाची वरात जाताना दिसली, घोड्यांसकट. स्टेनथोरला नाही दिसली. तो गाडी ओढायच्या मागच्या विंचची तार बांधायला खुंट ठोकत होता आणि रडत होता. त्याच्या दाढीवर अश्रूंचे खडे होत होते.

गाडी वर ओढायला दुपार गेली. वर आल्यावर त्याने काय केलं, ते ऐका. त्याने विचार केला. इथे भेगा असायला नकोत. आकडा चुकणार नाही, कारण आकडा त्याचा स्वतःचा. मग चुकली ती दिशा.

"काउरी, तू आम्हाला डावीकडे नेलंस."

"नाही रे! सुई बघूनच नेलंय."

"मग या भेगा कुठून आल्या? आपण डावीकडे सरकलोय. आता दक्षिणेला जायला हवं."

"स्टेनथोर, दिशा बरोबर आहे. तुझा आकडाच चुकला असेल."

"त्याने शिकवलंय का तुला हे?"

म्हणजे तिथेही, त्या पांढऱ्या शून्यात, बर्गूर आमच्या मध्ये बसलेला होता. त्याला जागा नव्हती, तरी.

आम्ही दक्षिणेला गेलो. मग आणखी कुठेतरी. मग डिझेल जपायला थांबलो. पहाटे वारा पडला आणि पडदा उचलावा तसं धुकं उठलं. झोपडी डावीकडे दूर दिसत होती, काळ्या तिळाएवढी. वळण्याआधी कालच्या रेषेवर आणखी थोडे सरळ गेलो असतो, तर काल दुपारीच तिच्या दारात असतो.

चूल कोमट होती. स्वाला तिच्याशेजारी जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. वायरलेसचा रिसीव्हर मांडीवर. मी काखेतून मोजा काढला. कुप्या उबदार होत्या.

अंत्यसंस्कारानंतर आमच्याकडे गावच्या सभागृहात कॉफी असते. तीन थरांचे केक, लोण्यातले पातळ पॅनकेक, आणि कपाची किणकिण सोडली तर शांतता. हाल्ला स्वतः किटली घेऊन फिरत होती. कुणी किटली मागितली तरी ती देत नव्हती. बर्गूर खिडकीपाशी उभा होता, मी त्याच्याजवळ गेलो.

"काउरी," तो म्हणाला, "सांग त्याला. मी गाडी नीट करून दिली होती. चूक मीटरची नव्हती. मीटर तर आधीच बरोबर केलं होतं, अठरा दात्यांचं चाक घालून. तरी त्याला एक सरळ रेघ मारता आली नाही."

मी काही सांगायची वेळच आली नाही. स्टेनथोर माझ्या मागेच होता, हातात कप घेऊन. तो पुढे आला आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे बघून बोलला.

"कधी घातलंस?"

बर्गूर गोंधळला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी उत्तर पोचवतो का म्हणून. मग स्वतःच म्हणाला, "वादळाच्या आदल्या दिवशी."

"मी तीसला वळलो."

"तीसला का?"

"तीस म्हणजे साडेचौतीस. शरदापासून मी तसंच मोजतोय."

बर्गूरचे ओठ हलले. तो हिशेब करत होता. हिशेब सोपा होता, पण त्याला फार वेळ लागला. मग त्याने कप खिडकीत ठेवायला हात पुढे केला आणि तो खिडकीच्या अलीकडेच सोडला.

हाल्ला आली. "काय झालं?" ती माझ्याकडे वळली. "काय झालं, काउरी?"

मी सांगितलं. थोडक्यात, फोडणीशिवाय. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे एवढंच वाक्य हवं होतं," ती म्हणाली. "'मीटर दुरुस्त केलंय.' एवढंच."

तिने किटली जमिनीवर, फुटलेल्या कपाशेजारी ठेवली, कोट घेतला आणि बाहेर पडली. त्याच आठवड्यात ती आकुरेयरीला बहिणीकडे राहायला गेली. पुन्हा परतली नाही.

आणि ते दोघे? ते आता बोलतात. रोज. मधल्या शेताच्या कुंपणावर टेकून हवेबद्दल बोलतात, गवताबद्दल बोलतात, कोकरांच्या किमतीबद्दल बोलतात. एकमेकांच्या मेंढरांचे कान तपासतात. रविवारी एकाच बाकावर बसतात. पाद्र्याने प्रवचनात सांगितलं, की देवाने एका लेकराच्या हाताने दोन भावांना जवळ आणलं. चर्चमध्ये माणसं डोळे पुसत होती. त्या दिवशी वारा नेमका पडलेला होता, शब्द अन् शब्द ऐकावा लागला. मला आता निरोपाचं काम उरलेलं नाही. मी त्यांच्या कुंपणावरून जातो तेव्हा दोघे हात करतात, आणि मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातो.

वर्षातून एकदा, लोकर विकायला जातो तेव्हा, मी हाल्लाकडे थांबतो. ती कॉफी ठेवते. इकडचंतिकडचं होतं. मग ती पाठमोरी राहून विचारते,

"बोलतात का?"

"छे," मी म्हणतो.

"अजून नाही?"

"अजून नाही. या वर्षी तर कुंपणावरून जुंपली. स्टेनथोर म्हणतो खांब माझ्या हद्दीत, बर्गूर म्हणतो माझ्या. बर्गूरने रात्रीत खांब उपटला, तर स्टेनथोरने त्याच्या कुत्र्याला साक्षीला उभं केलं."

"चर्चमध्ये?"

"दोन टोकांना बसतात. बर्गूर मागच्या दाराने येतो, तर स्टेनथोरने मागच्या दाराला खिळे ठोकले. पाद्री कोंडला गेला."

ती माझ्यासमोर येऊन बसते, कोपर टेबलावर ठेवते. "आणि ती गाडी? गाडीचं काय?"

"गाडी गंजतेय," मी म्हणतो. "एक म्हणतो तू हलव, दुसरा म्हणतो तू हलव."

"हं," हाल्ला म्हणते. तळलेल्या पिळाच्या गोड क्लाइनांची बशी ती माझ्याकडे सरकवते आणि कप पुन्हा भरते.

"सांग," ती म्हणते. "अजून सांग."